खोली आहे तशी

घरभाड्याच्या एजंटाकडे ती जाहिराती लिहायची. खिडकीतून भिंत दिसत असेल तर 'निवांत परिसर'. स्वयंपाकाला एकाच माणसापुरती जागा असेल तर 'सुटसुटीत'. छत गळत असेल तर चकार शब्द नाही.

"तू खुराड्यालाही गिऱ्हाईक आणशील," एजंटसाहेब म्हणायचे. पगारवाढीचं मात्र बोलायचे नाहीत.

ती स्वतः तसल्याच एका खुराड्यात राहायची. निम्म्याहून जास्त पगार भाड्यात जायचा. उरलेल्यात बस, गॅस, आईची औषधं. महिनाअखेर चहातलं दूध आपोआप बंद व्हायचं.

मालकीणबाई वर्षातून एकदा जिना चढायच्या. त्या चढल्या की भाडंही चढायचं. यंदा फारच चढलं.

"एवढं नाही जमणार, काकू."

"मग जाहिरात देते. तूच लिहून दे ना. घरात लिहिणारी असताना एजंटाला कशाला पोसू?"

खोली गेली तर दादाच्या घरी, वहिनीच्या स्वयंपाकघरात अंथरूण. वहिनी वाईट नव्हती, पण पहाटे कणीक मळायला घ्यायची, ती थेट हिच्या उशाशी. आणि तिथून कचेरी गाठायची म्हणजे नोकरीवर पाणीच.

"देते की लिहून," ती म्हणाली. मनात म्हणाली, अशी लिहिते की कुत्रंसुद्धा फिरकणार नाही.

*पहिला मसुदा*

हवेशीर, सुटसुटीत, निवांत—

हाताची खोड. फाडला.

*दुसरा मसुदा*

खोली अंधारी आहे. खिडकी उघडली की भिंत. नळ सकाळी तासभर येतो, तोही खोकत. संडास जिन्याखाली, तीन घरांत एक. वरचे आजोबा पहाटे खुर्च्या ओढतात. का, ते त्यांनाही सांगता येत नाही. भाडं खोलीच्या मानाने फार आहे. रविवारी या.

मालकीणबाईंनी चष्म्याशिवायच कागद न्याहाळला. "बरीच मोठी लिहिलीस गं," त्या कौतुकाने म्हणाल्या आणि छापायला देऊन आल्या.

*रविवार*

जिन्यावर रांग. खालून वर, वरून परत खाली.

"हवेशीर, हवेशीर वाचून जीव घुसमटला हो," एक मास्तर सांगत होते. "इथे निदान काय नाही ते तरी कळतं."

"आजोबा खुर्च्याच ओढतात ना? आमच्या वरचे बायकोला ओढतात."

कोणीतरी नळ सोडला. नळ खोकला.

"बघा, शब्दाला जागला," मास्तर म्हणाले, आणि रांगभर हशा पिकला.

ती खाटेवर बसून बघत होती. आयुष्यात पहिल्यांदा खरं लिहिलं, आणि तेच अंगाशी आलं.

रांग बघून मालकीणबाईंनी भाडं उभ्या उभ्या आणखी वाढवलं. मास्तर हळूच खाली उतरले. एकेक करत सगळेच उतरले. शेवटी उरली रात्रपाळीची एक नर्स. तिने खाट दाबून पाहिली.

"तू इथलीच ना? दिवसा कुठे असतेस?"

"कचेरीत."

"मी रात्री दवाखान्यात. एकटीला हे भाडं मलाही झेपायचं नाही. एक खाट, दोन पाळ्या. राहतेस?"

"आणि सुट्टीच्या दिवशी?"

"भांडू."

तिने मनात हिशोब केला. नव्या भाड्याचं निम्मं म्हणजे आजवर ती अख्ख्या खोलीचं जेवढं देत होती, जवळजवळ तेवढंच.

"राहते," ती म्हणाली.

मालकीणबाईंची हरकत नव्हती. दोघी म्हटल्यावर पाण्याचे तेवढे वेगळे, एवढंच त्या बोलल्या.

संध्याकाळी आईचा फोन आला. "काय झालं गं? गेली का खोली?"

"नाही, राहिली."

"आणि भाडं?"

"पहिल्याइतकंच."

आईने सुटकेचा निःश्वास सोडला. "देवमाणूस आहे हो तुझी मालकीण. तिच्याशी नीट वाग."

"वागते," ती म्हणाली आणि खाटेवरून उठली. नर्स दुपारीच सामान घेऊन राहायला आली होती, आणि आज तिची सुट्टी होती. तिला झोपायचं होतं.