दगडावरची नावं

नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी दुपारनंतर यायला सांगितलं, तेव्हा बयनाबाई दोन्ही सुनांना घेऊन शेजारच्या जुन्या, इंग्रजांनी बांधलेल्या चर्चमध्ये शिरली. आत सावली होती, बसायला बाकं होती, आणि फुकटचं काही बयनाबाई सोडत नाही. तलमडुगू या आपल्या दूरच्या गावाहून एवढा आटापिटा केला तो धाकट्या रंजीतासाठी. तिला सातवा महिना लागला होता. थोरली सुनयना पिशव्या उचलायला.

सुनयनाची मुलगी मागच्या वर्षी बारशाच्या आदल्या दिवशी गेली. नावसुद्धा ठेवलं नव्हतं, तिचं कसलं दुःख, असं म्हणून सासूनं घरात तो विषयच बंद केला. सुनयनाला एवढंच हवं होतं की सासूनं एकदा तरी म्हणावं, या घरात एक लेक जन्मली होती. ते काही तिच्या तोंडून निघत नव्हतं.

चर्चच्या भिंतींवर संगमरवरी पाट्या होत्या. गावच्या देवळात अशा पाट्यांवर देणगीदारांची नावं असतात, आणि बयनाबाईचं जग त्या देवळाएवढंच. मोठी पुण्यवान माणसं, असं म्हणत ती एकेका पाटीला हात लावून तो रंजीताच्या पोटावरून फिरवू लागली. बारावी शिकलेल्या सुनयनाला इंग्रजी वाचता येत होतं. तरी ती गप्प राहिली. मजाच वाटली तिला, खोटं कशाला बोला!

खालच्या एका लहान पाटीपाशी सासूनं रंजीताला डोकं टेकवायला सांगितलं. "वाच वं सुनयना, कोन्या दानशूराचं नाव हाय?"

रंजीताचं कपाळ दगडाला लागेपर्यंत सुनयना थांबली.

"दानशूर नाई जी. वर्साच्या आतली पोरगी हाय, मेलेली. या समद्या पाट्या मेलेल्यायच्याच हायेत. इचं नाव तरी लिवलं तिच्या मायबापानं."

रंजीता पोट धरून खाली बसली आणि रडू लागली. तिनं सुनयनाचं कधी काही वाईट केलं नव्हतं. बयनाबाईचा चेहरा पांढराफटक पडला. आता तरी हिला आपली लेक आठवेल, असं सुनयनाला वाटलं.

आठवलीच. पदरानं रंजीताचं कपाळ खसाखसा पुसत बयनाबाई म्हणाली, "आंधी काऊन नाई सांगतलं? तुलेच लावाले लावला असता हात. तुयी तं मेलीच हाय लेक, आता तुयं काय जाते?"

वर्षभरात पहिल्यांदाच सासू तिच्या लेकीबद्दल बोलली होती.