बांधापलीकडची शिट्टी

उदयसिंहाचा स्वभावच मुळात संशयी. फौजेत सतरा वर्षं चौकीवर काढलेली. समोरचा हसला तरी हा म्हणायचा, का हसला? निवृत्तीनंतर तो पाटणला ऊस बघायचा आणि रविवारी बेसबॉलचा पंच म्हणून गावोगाव हिंडायचा. त्या दिवशी कवठे महांकाळला मुलींची अंतिम लढत होती. जिंकेल तो संघ राज्य स्पर्धेला जाणार. यजमानांची सोनम बारावीला, म्हणजे तिची ही शेवटचीच संधी. राज्य स्पर्धेचं प्रमाणपत्र हाती आलं तर पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेवर तिला अर्ज करता येणार होता. हे तिच्या कोचनं, बिराप्पानं, सकाळीच पंचाला सांगून टाकलं. झालं! उदयसिंहाच्या मनात पाल चुकचुकली. हे मला कशाला सांगतोय गडी?

चौथ्या डावात त्यानं यजमानांच्या पोरीवर स्ट्राइक दिला, म्हणजे मारण्याजोगा चेंडू तिनं सोडला असं ठरवलं, आणि बिराप्पा उसळला. "आवं, चेंडू गुडघ्याखाली हुता! डोळं हायत का न्हाईत?" स्ट्राइकवर वाद घालायचा नाही, हा नियम. उदयसिंहानं ताकीद दिली. पुढच्या चेंडूला पुन्हा तेच. मग त्यानं सरळ फाटकाकडं हात केला. "भाईर! मैदान दिसणार न्हाई इतकं लांब जायचं."

बिराप्पानं टोपी उचलली आणि निमूट बांधापलीकडं गेला. आता तुम्हीच सांगा, घसा फोडून भांडणारा माणूस इतक्या सहजी जातो होय? कुठंतरी पाणी मुरतंय, हे उदयसिंहानं मनात पक्कं केलं.

शेवटचा डाव आला. मिरजेचा संघ एका धावेनं पुढं. यजमानांच्या दोघी बाद, दोघी बेसवर, आणि बॅट घेऊन सोनम उभी. तेवढ्यात बांधावरच्या बाभळीपलीकडून एक लांबलचक शिट्टी आली. सोनमनं चेंडू सोडून दिला. मग दोन आखूड शिट्ट्या. सोनमनं बॅट फिरवली, पण चेंडू हुकला. उदयसिंहानं कान टवकारले. बिराप्पाचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारं, हे त्याला ठाऊक होतं. शिट्टीवर शंभर मेंढरं वळवणाऱ्याला एक पोरगी वळवायला काय लागतंय? "व्वा रं बहाद्दरा," तो दातओठ खात पुटपुटला.

तिसरी शिट्टी आली आणि त्यानं दोन्ही हात वर केले. "टाइम!" चेंडू तोवर सुटला होता. सोनमनं असा टोला हाणला, की चेंडू थेट कुंपणाला भिडला. बेसवरच्या दोघी धावत घरी, म्हणजे शेवटच्या बेसवर, आल्या; दोन धावा, सामना जिंकल्यातच जमा. पण पंचानं खेळ थांबवला होता ना! खेळ थांबला की टोला नाही, धाव नाही, काही नाही.

पोरींनी एकच गलका केला. उदयसिंह तरातरा बांधाकडं निघाला. चोर रंगेहाथ धरायचा होता त्याला.

बांधापलीकडं गुंडा नावाचा म्हातारा मेंढका उभा होता. मेंढरं शाळवाच्या उभ्या पिकात शिरत होती आणि तो त्यांना शिट्ट्या मारत होता.

"बिराप्पा कुठाय?" उदयसिंहानं दरडावलं.

म्हाताऱ्यानं खाली ओढ्याकडं बोट केलं. तिथं बिराप्पा मैदानाकडं पाठ करून बसला होता. चाहूल लागली तसा तो धडपडत उठला.

"सायेब, बॅटीचा आवाज आला. लय सणसणीत हुता! मान न्हाई वळवली मी, नेम म्हंजी नेम. पर टोला सोनमचाच न्हवं? पोरी घरी पोचल्या का?"

उदयसिंहाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "पोचल्या. पर मी आधीच टाइम दिला हुता. तुमीच शिट्टीनं खुणावताय, आसं वाटलं मला."

बिराप्पा मैदानाकडं वळला. "मग मी येतो की. दाद मागतो."

"तुमाला येता येत न्हाई. दाद फकस्त कोचनं मागायची असती, त्याबिगार दिलेला निकाल मलाबी बदलता येत न्हाई. आन् तुमाला मीच भाईर काढलंय."

खेळ पुन्हा सुरू झाला. सोनमनं पुन्हा बॅट उचलली. पुढचे दोन्ही चेंडू तिच्या बॅटीला लागले नाहीत; तिसरा स्ट्राइक झाला, सोनम बाद, सामना संपला. मिरजेच्या पोरी नाचायला लागल्या.

हेल्मेट काढून सोनम त्याच्यापुढं येऊन उभी राहिली. "सर, माझं काय चुकलं हुतं?"

"तुझं काय बी न्हाई चुकलं, पोरी. माझं चुकलं. तसं लिहूनबी देतो मी."

"मग माझा टोला धरतील?"

"न्हाई," उदयसिंह म्हणाला.