पहिलं उत्तर

सकाळी शाळेत जायच्या आधी माझी मुलगी ओट्याशी येऊन म्हणाली, "आई, पाणी पिऊ?"

"पी की," मी म्हणाले. ती हलली नाही. थोडं थांबून तिने पुन्हा विचारलं, तेव्हा मी हातातलं भांडं ठेवून तिच्याकडे वळले.

मी ज्या पंथात वाढले तिथे आम्हा मुलांना हेच शिकवलं होतं. पाणी हवं तर विचारायचं. पहिलं उत्तर कायम "नाही". न कुरकुरता उभं राहिलं तरच दुसऱ्यांदा विचारायची मुभा. त्याने हट्ट मरतो म्हणे. हट्टाचं माहीत नाही, पण तिथून सुटून लाँड्रीत कामाला लागले तेव्हा मालकीण म्हणाली, "बस जरा, दमली असशील," आणि मी उभीच. ती पुन्हा म्हणेल म्हणून. ती कशाला म्हणतेय! दिवसभर उभ्यानेच चादरींना इस्त्री केली.

त्या पंथात मला बाबांनी नेलं, मी पाच वर्षांची असताना. मोठी झाल्यावर मी अंगावरच्या कपड्यांनिशी पळाले. पुढे पंथाचे सर्वेसर्वा गेले, सगळा कारभार मोडला, तेव्हा कुठे बाबा बाहेर आले. 'मी सोडलं' असं मात्र ऐटीत सांगतात. तरी म्हातारा माणूस, नातीचा लळा, म्हणून शाळेनंतर मुलीला त्यांच्याकडे ठेवत होते. खोटं कशाला बोलू, माझीही सोय होती. दुसरं कोण होतं मला?

त्या दिवशी शाळा सुटायच्या आत कामावरून सुट्टी मिळाली नाही. मिळाली तशी थेट बाबांच्या खोलीवर गेले. मुलगी भिंतीशी ताठ बसली होती.

"काय शिकवलंत तिला?"

"वळण लावतोय. तू नुसती लाडावून ठेवलीयस."

"बाबा, तिला तहान लागली तर..."

"जरा वेळ थांबलं म्हणून कोणी मरत नाही. तुझं काय वाईट झालं गं? कमावतेस, घर चालवतेस. कुणामुळे?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. याचं उत्तर मी किती वर्षं मनात घोळवत होते! पण ते खरंच उत्तराची वाट बघत होते, कौतुकाने.

"चप्पल घाल," मी मुलीला म्हणाले.

ती उठली. तिने आजोबांकडे बघितलं. "घालू?"

"नाही," ते म्हणाले.

ती थांबली. हात मागे बांधून, गुमान, दुसऱ्यांदा विचारायची वेळ येईपर्यंत.

"बघ, किती गुणी आहे," बाबा म्हणाले.

मी तिला तशीच अनवाणी उचलली.