एका वहीची शेवटची चार पाने

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. माझा पुठ्ठा निखळला आहे, शिवण उसवली आहे. त्याची मला खंत नाही. जुनेपण कोणाला चुकले आहे? मला लाज वाटते ती माझ्या शेवटच्या चार पानांची. ती तुम्हाला दाखवावीत म्हणून आज बोलते आहे.

सेलूच्या बाजारातल्या एका दुकानात मी दोरीने बांधलेल्या गठ्ठ्यात पडून होते. तिथून मला सूर्यभानने उचलले. हैदराबाद संस्थान भारतात सामील होऊन वर्ष झाले होते. सूर्यभान हा येडबा धनगराचा मुलगा, गावातून कॉलेजात गेलेला पहिलाच. हैदराबादला तो बी.ए.ला होता आणि विषय होता राज्यशास्त्र. शाळा सगळी उर्दूत झालेली, कॉलेजात सर इंग्रजीतून शिकवत आणि हा पठ्ठ्या माझ्यावर ते मराठीत उतरवून घेई! राज्य म्हणजे काय, नागरिक कोणाला म्हणावे, सारे माझ्या पोटात आले. एकेचाळिसाव्या पानावर त्याने लाल शाईने लिहिले होते : 'स्त्री असो वा पुरुष, प्रत्येक सज्ञान नागरिकाला एक मत.' खाली दोन रेघा. त्या पानाचा मला फार तोरा होता.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तो गावी आला, तेव्हा पहिल्या निवडणुकीसाठी मतदारांच्या याद्या तयार होत होत्या. शिकलेला म्हणून तहसिलीतून गावाचे काम त्याच्याकडे आले. कच्ची यादी त्याने माझ्या शेवटच्या पानांवर केली. पुरुष धडाधड नावे सांगत. बायका मात्र चारचौघांत आपले नाव उच्चारत नसत, आणि घरचेही सांगत नसत. "लिही, रायभानची बायको." "लिही, दत्तरावची माय." सूर्यभान तसेच लिहीत गेला. लाल शाईचे ते पान माझ्यातच होते, मित्रांनो, तरी मी 'बायको', 'माय', 'सून' निमूट अंगावर घेत राहिले.

सगळ्यात शेवटी तो आपल्या घरी आला. आई मेंढ्यांना पाणी दाखवत होती.

"माय, तुजं नाव काय लिहू?"

"लिही की, सूर्यभानची माय. सारं गाव तेच म्हणायलंय."

त्याने लिहिले. आईच्या जागी आपलेच नाव बघून स्वारी खूश झाली.

महिन्याभराने तहसिलीतून चिठ्ठी आली : बायकांची खरी नावे पंधरा दिवसांत कळवा, नाही तर त्या ओळी यादीतून काढल्या जातील. त्याच दिवशी त्याची हैदराबादची गाडी होती. "इम्तिहान झाल्यावर बघू," म्हणत त्याने चिठ्ठी माझ्यात खुपसली. पुढे अभ्यास करताना तिचीच खूण झाली, तीही एकेचाळिसाव्या पानावर! परीक्षेत नेमका मताधिकाराचाच प्रश्न आला. त्याचे उत्तर सरांनी सगळ्या वर्गाला वाचून दाखवले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

बावन्न सालच्या जानेवारीत मतदान आले. आई नवे लुगडे नेसून, मेंढ्या शेजारणीवर सोपवून, दोन कोस चालत शाळेपर्यंत आली. मागे गावच्या बायका होत्या. सूर्यभान मला काखेत मारून पुढे चालला होता आणि मत कसे द्यायचे ते सगळ्यांना समजावत होता.

टेबलामागच्या साहेबांनी नाव विचारले. आईने पदर सारखा केला. मग गावच्या साऱ्या पुरुषांदेखत ती मोठ्याने म्हणाली, "भिवरा. भिवराबाई."

साहेबांनी यादी वरून खाली, खालून वर पाहिली. "हे नाव नाही, बाई."

"आसं कसं? माज्या लेकानंच लिहिलंय. इचारा त्याला."

सूर्यभानने घाईघाईने मला उघडले, आणि चिठ्ठी टेबलावर पडली. साहेबांनी ती वाचली. "ही तुम्हाला मिळाली होती?"

"हो," तो म्हणाला. भिवराबाई त्याच्याकडे वळली.

"बाबा, तू माजं नाव लिहिलंच न्हाईस?"

मला तेव्हा फाटून जावेसे वाटले. तिच्यामागे उभ्या असलेल्या बायकाही आल्या वाटेने परत फिरल्या.

घरी आल्यावर भिवराबाई उंबऱ्यावर बसली. "आता ह्या वहीत तरी लिही," ती म्हणाली. सूर्यभानने 'सूर्यभानची माय' खोडून वर तिचे नाव लिहिले. तिने विचारले, "हीच का मी?" आणि ओल्या अक्षरांवर बोट ठेवले. तो शाईचा डाग मी अजून जपून ठेवला आहे.

सत्तावन्न साली तिने मत दिले. पण रायभानची बायको तोवर या जगात राहिली नव्हती.

मित्रांनो, वह्यांना कव्हर घाला, पाने फाडू नका, हे तर मी सांगेनच. पण जी ओळ लाल शाईने लिहाल, ती आधी आपल्या घरच्या माणसांना लागू करून बघा. माझ्या शेवटच्या पानावर अजूनही 'रायभानची बायको' एवढेच लिहिलेले आहे. तिच्यासाठी वर जागा आहे, पण तिचे नाव आता मी कोणाला विचारू?