उतरता पुकारा

घासाघीस हा श्रीकांतच्या अंगचा गुण होता आणि त्याचा त्याला भलताच अभिमान होता. हॉलंडमधल्या फेल्डहोवनच्या कंपनीत दिवसभर तो नॅनोमीटरच्या गोष्टी करायचा. पण शनिवारच्या बाजारात तुर्की भाजीवाल्याकडून कोथिंबिरीची जुडी अर्ध्या युरोनं कमी करून आणली, की ज्या थाटात घरात शिरायचा तो बघण्यासारखा असे. "आलास गड जिंकून?" मालिनी, त्याची बायको, विचारायची. आणि हा बावळट खरंच खूश व्हायचा.

जवळच्याच न्यूनेन गावाच्या अगदी कडेला त्यांचं भाड्याचं घर होतं. कुंपणापलीकडे एक जुनं शेत, तिथं नेल आणि तोन हे म्हातारं जोडपं. यांच्या घरात त्यांना नेलआजी आणि तोनआजोबाच म्हणत. नेलआजी सत्त्याऐंशीची, अजून सायकल चालवणारी. तोनआजोबा मात्र दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले. मालिनी शिरा घेऊन गेली की ते चमच्या-चमच्यानं खायचे आणि अंगठा वर करायचे. बोलणं जवळजवळ थांबलंच होतं.

दोन हजार पाचच्या ऑक्टोबरात त्या शेताचा लिलाव ठरला. जमीन नव्या घरांसाठी जाणार होती आणि म्हातारा-म्हातारी वृद्धाश्रमात. शेत नेलआजीच्या आणि तिच्या मेलेल्या भावाच्या नावावर होतं. भावाच्या मुलांनी नोटरीला आणून चमच्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्याची यादी केली होती. लिलावाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी नेलआजी एक पाकीट घेऊन श्रीकांतकडे आली.

"उद्या तुला एक खुर्ची घ्यायची आहे," ती म्हणाली. श्रीकांतचं डच कंपनीच्या वर्गात शिकलेलं, म्हणून ती त्याच्याशी नेहमी सावकाश बोलायची. "आमच्या गावात लिलावात भाव वरून खाली येतो. पुकारणारा मोठा आकडा म्हणतो आणि उतरत जातो. ज्याला वस्तू हवी त्यानं 'मैन' म्हणायचं. म्हणजे माझं. जो पहिला बोलेल, त्याची वस्तू."

"ठाऊक आहे. फुलांच्या बाजारात असंच असतं."

"तू पहिला आकडा ऐकलास की बोलायचं. थांबायचं नाही."

"पण का?"

नेलआजीनं खिडकीतून आपल्या अंगणाकडे बोट दाखवलं. "माझे वडील गेले त्या वर्षी, सत्तावीस साली, आमच्याच अंगणात लिलाव झाला. मी नऊ वर्षांची होते. नांगर गेले, गाई गेल्या, डुकरं गेली. शेवटी राहिली एक आंधळी घोडी. तिच्यासाठी कुणीच बोलेना. भाव उतरत उतरत दोन गिल्डरवर आला, तेव्हा मागच्या रिकाम्या गोठ्यातून आवाज आला. मैन. तो वडिलांचा आवाज होता. त्यांना पुरून तीन आठवडे झाले होते."

"आणि घोडी?"

"सकाळी ठाणावर मरून पडलेली. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता." तिनं पाकीट त्याच्यापुढं सरकवलं. "त्यांची वस्तू कवडीमोलानं गेलेली त्यांना खपायची नाही. बरा भाव आला की ते गप्प राहतात. उद्या त्यांची खुर्ची आहे. तोन साठ वर्षं त्या खुर्चीत बसला. ती त्यांनी परत घेतली तर ते तोनलाही नेतील."

यादीतून खुर्ची काढून टाका, असं श्रीकांतनं सुचवलं. नेलआजी म्हणाली, भाचे ऐकत नाहीत, हसतात. घरच्यांना बोलायला परवानगी नाही, आणि गावातलं कुणी त्या खुर्चीसाठी तोंड उघडणार नाही, कारण ती गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. "म्हणून तू. पाकिटात तीनशे आहेत. सगळे गेले तरी चालतील."

रात्रीच्या जेवणाला त्यानं मालिनीला हे सगळं रंगवून सांगितलं. ती हसली नाही. "हे बघ, त्यांनी सांगितलंय तसं कर. स्वतःचं डोकं चालवू नकोस."

"अगं, मी कुठं काय म्हणालो?"

बुधवारी तो अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेला. धुकं इतकं दाट होतं की अंगणातला पंप नीट दिसत नव्हता. पुकारणारा एका जुन्या गाडीवर उभा होता आणि खाली शंभरेक माणसं. त्यातले बरेच म्हातारे, कानापर्यंत टोप्या ओढलेले. दुधाच्या किटल्या, लांब दांड्याचे विळे, गवताचं दाताळं, सगळ्यांवर खडूनं आकडे घातलेले. सात कालवडी लोखंडी कठड्यात उभ्या होत्या. भाव झरझर उतरायचा, कुणीतरी मैन म्हणायचं, पुकारणारा नाव लिहायचा. श्रीकांतला खेळ आवडला. विळ्यासाठी एकानं घाईनं साठलाच तोंड उघडलं. आणखी दोन आकडे थांबला असता तर चाळीसला मिळाला असता, असं श्रीकांतच्या मनात आलं आणि त्याला त्या माणसाची कीव आली.

कालवडी गेल्या, ट्रॅक्टर गेला. मग दोघांनी खुर्ची आणून गाडीसमोर ठेवली. साधीच होती, गवतानं विणलेल्या बैठकीची, हात घासून काळे झालेले. कुणी बुटांकडे पाहू लागलं, कुणी पाइप भरू लागलं.

"दोनशे," पुकारणारा म्हणाला. आतापर्यंत खणखणीत असलेला त्याचा आवाज खाली आला होता.

श्रीकांतनं तोंड उघडलं आणि मिटलं. हे मिटणं त्याला पुढं जन्मभर आठवणार होतं. त्याच्या मनात वाईट काहीच नव्हतं, उलट फार चांगलं होतं. एक तर समोर गिऱ्हाईक दुसरं नाही, सगळे घाबरून बसलेत. मग त्या बिचारीचे दोनशे युरो का उधळायचे? वृद्धाश्रमात सतरा खर्च असतील. शंभरला घेऊ आणि दोनशे परत तिच्या हातात ठेवू. म्हातारी किती खूश होईल.

"एकशे ऐंशी. एकशे साठ."

कुणी हललं नाही. शंभर आले, तेव्हा वाटलं, ऐंशी. ऐंशी आले, तेव्हा तो मनात म्हणाला, साठला नक्की. हात चोळत उभा होता तो, मंडईत उभा असल्यासारखा.

"साठ," पुकारणारा म्हणाला आणि थांबला. त्यानं सरळ श्रीकांतकडे पाहिलं, बोल की बाबा, अशा नजरेनं. पण असल्या नजरा श्रीकांतनं खूप पाहिल्या होत्या. विकणारा असा पाहू लागला, की आणखी उतरतो.

"चाळीस."

कठड्यातल्या सातही कालवडींनी एकदम माना वळवल्या, गोठ्याकडे. गोठा सकाळीच झाडून रिकामा केला होता आणि त्याचं दार सताड उघडं होतं. आत धुकं नव्हतं, नुसता अंधार होता. साठ टळले होते, आता बोलायलाच हवं, म्हणून श्रीकांतनं श्वास घेतला.

"मैन."

आवाज मोठा नव्हता. घरच्या माणसानं जेवायच्या टेबलाशी मीठ मागावं, तितकाच. तो गोठ्यातून आला.

"मैन!" श्रीकांत ओरडला. "मैन, मैन! दोनशे! दोनशे देतो मी!"

"झालं, साहेब," पुकारणारा म्हणाला. त्यानं वहीत काहीतरी लिहिलं, नाव कुणालाच विचारलं नाही, आणि वही मिटली.

श्रीकांत घराकडे धावला. अंगणातून घराकडे जाणारी वाट एकच, विटांची, दोन्ही बाजूंना कुंपण. वाटेत त्याला कुणीच भेटलं नाही. स्वयंपाकघराच्या दारात नेलआजी उभी होती आणि तिचा चेहरा फुलला होता. इतक्या आनंदात त्यानं तिला कधी पाहिलं नव्हतं.

"तोन उठला," ती म्हणाली. "आत्ता, स्वतःच्या पायांनी. दोन वर्षांनी उठला रे. म्हणाला, माझ्या खुर्चीत बसून येतो. तू घेतलीस ना? पहिल्याच आकड्याला?"

श्रीकांत मागं वळला. विरळ झालेल्या धुक्यात अंगणातल्या सगळ्या माणसांनी टोप्या काढून हातात घेतल्या होत्या. मधे खुर्ची होती आणि खुर्चीत तोनआजोबा बसले होते. अंगात पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, पाय अनवाणी, हात काळ्या दांड्यांवर नीट ठेवलेले. हनुवटी छातीवर टेकली होती.

नेलआजीनं तिकडे पाहिलं. मग श्रीकांतकडे.

"थांबलास?"

"हो."

"का?"

"तुमचे पैसे वाचावेत म्हणून," तो म्हणाला आणि लहान मुलासारखा रडू लागला. पाकीट त्यानं पुढं केलं. ते तिनं घेतलं नाही. कुंपणाला धरत ती विटांच्या वाटेनं गेली, खुर्चीपाशी ओल्या जमिनीवर बसली आणि आपली शाल तोनआजोबांच्या अनवाण्या पायांवर घालू लागली. तिथूनच तिनं हाक मारली, "श्रीकांत, डॉक्टरांना फोन कर."

त्यानं मोबाइल काढला. दोनदा चुकीचं बटण दाबलं गेलं. हाउसआर्ट्सच्या, म्हणजे नेहमीच्या घरगुती डॉक्टरांच्या, दवाखान्यातल्या बाईनं नाव, पत्ता, जन्मतारीख विचारली. मग ती सगळ्यांनाच विचारते ते विचारलं, "तातडीचं आहे का?"

श्रीकांतनं अंगणाकडे पाहिलं.

"होतं," तो म्हणाला. "मगाशी होतं."