आठ गाठींची दोरी

लुतियाची धाकटी बहीण मासेलिना हिला जुळ्या मुली झाल्या, त्याच वर्षी लुतिया बाद झाली. जुळ्यांचा बाप्तिस्मा रविवारी होता आणि शर्यत त्याच्या दोन दिवस आधी, शेजारच्या देशातल्या स्पर्धेत. इकडे तुवालूत, फुनाफुती बेटावर, सगळं घर रेडिओभोवती बसलं होतं. निवेदकाने सात मुलींची वेळ सांगितली आणि शेवटी म्हणाला, तुवालूच्या मुलीने रेषेवर पाय दिला, ती बाद. त्या क्षणी मांडीवरच्या दोन्ही पोरी एकदम रडायला लागल्या, असं मासेलिना पुढे कितीतरी दिवस सांगत असे.

पाय पडणारच होता. लुतिया सात वर्षं पळत आली होती ती विमानाच्या धावपट्टीवर. सगळं बेट संध्याकाळी तिथेच असतं. कोणी चेंडू खेळतं, कोणी चटई टाकून पडतं, डुकरं मोकळी फिरतात. विमानाचा भोंगा वाजला की सगळी बाजूला होतात आणि विमान गेलं की परत येतात. पण धावपट्टी सरळ असते. दोनशे मीटरच्या शर्यतीत अर्धं अंतर वळणावर पळायचं असतं हे लुतियाला ठाऊक होतं, पण तिच्या पायांना ठाऊक नव्हतं. तिथे वळण आलं तेव्हा पाय आपल्या सवयीने सरळ निघाले. तिने त्यांना जोर लावून डावीकडे ओढलं, तर ते इतके वळले की रेषेच्या आत गेले.

तिला कोणी बोल लावला नाही. फक्त मासळी विकणारी असेनाते म्हणाली, "काय गं, वळलीस कशाला? तशीच सरळ सुटायचं. आतापर्यंत पोहत घरी आली असतीस."

"आले असते, पण तुझा शिळा कुपा खावा लागला असता," लुतिया म्हणाली, आणि दोघी हसल्या.

घरी मात्र तिने निकालाचा कागद बायबलमध्ये ठेवला होता आणि अधूनमधून काढून बघत असे. सात नावं, सात आकडे. आठवं नाव तिचं, आणि त्यापुढे नुसती आडवी रेघ. पहिलं यावं असं तिच्या मनात कधीच नव्हतं. तिथल्या मुली कशा पळतात ते तिने पाहिलं होतं. तिला त्या रेघेच्या जागी एक आकडा हवा होता.

पुढच्या वर्षी जगातल्या सगळ्या देशांची मोठी स्पर्धा होती आणि लहान देशांना एकेक जागा ठेवली होती. खेळांचं काम बघणारा सियोनाता घरी आला. नारळपाणी प्याला आणि म्हणाला, "लुतिया, जागा तुझीच. शंभर मीटरला नाव टाकतो. वळण नाही, रेषा नाही, भानगड नाही."

"मी दोनशेची आहे."

"दोनशेची होतीस. काय झालं ते सगळ्या बेटाने ऐकलं. जागा एकच आहे बाई, ती वाया घालवायची नाही."

तेव्हा नाफाताली मामा मध्ये पडला. आईचा थोरला भाऊ. लुतियाला पळायला त्यानेच शिकवलं होतं. "सियोनाता, पोरीने वळण पळून दाखवलं तर?"

"कुठे दाखवणार? इथे वळण आहे कुठे? रस्तासुद्धा वळायला लागला की समुद्रात पडतो."

"ते माझं मी बघतो."

"बघ. जून अखेरपर्यंत. मी स्वतः येऊन उभा राहीन. एक पाऊल आत पडलं की शंभर."

मामाने आधी शाळेच्या मैदानावर प्रयत्न केला. मध्ये खुंटी ठोकली, तिला मासेमारीची नायलॉनची दोरी बांधली आणि दुसरं टोक धरून चालत चुना टाकला. दोरी ताणली की लांबायची, सैल सोडली की आक्रसायची. झालं ते वर्तुळ अंड्यासारखं. शिवाय मैदान अपुरं, निम्मं वळण चर्चच्या कुंपणात गेलं. पास्टरच्या बायकोने खिडकीतून विचारलं, "नाफाताली, कोंबडी बसवतोयस का?"

शनिवारी मामा आणि लुतिया होडी घेऊन फुनाफालाला गेले. आतल्या शांत समुद्रातून तासाभराची वाट. तिथे मोजून पाच घरं, आणि ओहोटीला बाहेर पडणारी घट्ट वाळू, एवढी रुंद की पलीकडचा माणूस ओळखू येऊ नये. मामाचा चुलता उआतेआ तिथे राहत असे. ऐंशीच्या घरातला माणूस. सभेच्या छपराखाली बसून तो मांडीवर काथ्या वळत होता. कुजवून कुटलेल्या नारळाच्या सोडणाचे तंतू तळहाताखाली घ्यायचा, मांडीवर एकदा पुढे सरकवायचा, आणि दोरी निघायची. त्याच्या उजव्या मांडीवरचे केस त्या कामाने कधीचेच झिजून गेले होते.

मामाने सगळं सांगितलं. म्हातारा मान न उचलता ऐकत होता.

"म्हणजे ही पोरगी गोल फिरून परत तिथेच येणार," तो म्हणाला.

"अर्धीच, आजोबा. दोनशे मीटर," लुतिया म्हणाली.

"आणि त्यासाठी विमानाने जाणार."

"हो."

"मासा पकडायला नाही, कोणाला भेटायला नाही."

"नाही आजोबा."

तो खूप वेळ हसला. मग म्हणाला, "नायलॉन लबाड असतं. काथ्या पाण्यात भिजवून, दगड बांधून महिनाभर ताणत ठेवला की त्याला जेवढं ताणायचं तेवढं तो ताणून घेतो. नंतर हलत नाही. किती लांब हवी?"

मामाने घर बांधताना वापरलेली टेप काढली. टोक तुटलेली, गंजलेली, पण आकडे दिसत होते. "पहिल्या गाठीपर्यंत साडेछत्तीस मीटर. मग दर चार फुटांवर एक गाठ. आठ लेन, आठ गाठी. तिला कुठली लेन मिळेल ते आदल्या दिवशीच कळतं."

दोन माडांमध्ये टेप लावून म्हाताऱ्याने खोडांवर खुणा केल्या. दोरी व्हायला सात आठवडे लागले. इतर म्हाताऱ्यांनीही हात लावला, बायकांनी सोडणं कुटली. कोणी मोबदला मागितला नाही आणि द्यायचं कोणाला सुचलंही नाही. लुतिया दर वेळी नीरफणस आणि चहाची पूड घेऊन जायची, येताना होडीत तिने नेलेल्यापेक्षा जास्त मासे असायचे.

मग सराव सुरू झाला. घड्याळ समुद्राच्या हातात होतं. ओहोटी रोज पाऊण तास उशिरा, तशी तीही उशिरा. रविवारी ओहोटी कितीही सुंदर असली तरी पळायचं नाही. वाळू उघडी पडली की उआतेआ खुंटी ठोकायचा, मामा दोरीची गाठ धरून काठीने रेघ ओढत चालायचा. लुतिया अनवाणी पळायची. चार-पाच वेळा पळून होईपर्यंत पाणी परत यायचं आणि वळण पुसून टाकायचं. दुसऱ्या दिवशी नवीन.

पळणं झालं की म्हातारा तिच्या पावलांशेजारून चालत जायचा. हात पाठीमागे, नजर खाली. वाळूत सगळं लिहिलेलं असायचं.

"इथे ये. हे बघ. अठरावं पाऊल. इथपर्यंत तू पळत होतीस, इथून तू भ्यायलीस."

"कशावरून आजोबा?"

"टाच टेकली. माणूस भ्याला की टाच टेकतो. आणि इथे बघ, डावा पाय रेषेकडे तोंड करून उभा आहे. पाय जिकडे बघतो तिकडे जातो. तू रेषेकडे बघत होतीस?"

"पाय पडेल म्हणून बघत होते."

"नको बघूस. होडी खडकातून नेताना मी खडकाकडे बघतो का? पाण्याकडे बघतो. डावा खांदा थोडा खाली टाक आणि पुढे बघ."

जूनमध्ये सियोनाता आला. तिसऱ्या गाठीचं वळण काढलं होतं. लुतिया तीनदा पळाली. तो बुटांसह वाळूत वाकून एकेक पाऊल तपासत गेला. शेवटी सरळ होऊन म्हणाला, "बरं. दोनशे." पाच घरांतल्या बायकांनी लाकडी खोकं बडवून तिथेच नाच सुरू केला आणि सियोनाताला बुटांसकट मध्ये ओढलं.

निघायच्या आधी लुतिया म्हाताऱ्याचा निरोप घ्यायला गेली. त्याने दोरीचं वेटोळं तिच्या हातात दिलं. "ही घेऊन जा. मी काही ते मैदान बघणार नाही. तिथलं वळण आणि आपलं वळण एकच आहे का ते मोजून ये. खोटं सांगू नकोस."

मोठ्या शहरात सरावाच्या मैदानावर, वळणाच्या केंद्राशी, आपल्या खुंटीच्या जागी, गवतात एक लोखंडी खिळा रोवलेला होता. शर्यतीच्या आदल्या दिवशी सकाळी मामाने दोरीचं टोक त्यावर धरलं आणि लुतिया ताणत पांढऱ्या रेषेपर्यंत गेली. पहिली गाठ रेषेपर्यंत पोचली नाही. तिने पुन्हा ताणली. तीन बोटं कमी.

"मामा, आपण सगळे महिने चुकीच्या वळणावर पळालो."

मामाने येऊन बोटं लावून बघितलं. मग पुन्हा लावून बघितलं. मग दोरी गुंडाळून ठेवली. दुपारी कागद लागला. तिला दुसरी लेन मिळाली होती. आतून दुसरी, म्हणजे वळण जवळजवळ सगळ्यांत घट्ट.

त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. डोळ्यांपुढे ती आडवी रेघ येत होती. मग संध्याकाळी प्रार्थनेला बसलेली असताना तिच्या लक्षात आलं की दोरी आखूड म्हणजे आपलं वळण इथल्यापेक्षा घट्ट होतं. ज्या पायांना घट्ट वळता येतं, त्यांना मोकळं वळण जड जाणार नाही. तिने मामाला हे सांगितलं.

"पोरी, हे मी सकाळीच सांगायला हवं होतं," मामा म्हणाला, "पण मला सुचलं नाही."

दुसऱ्या दिवशी मैदान लाल होतं आणि इतकं टणक की खिळ्यांचे बूटसुद्धा ठसा ठेवत नव्हते. बंदूक वाजली. बाकीच्या मुली वाऱ्यासारख्या गेल्या. लुतियाने त्यांच्याकडे बघितलं नाही, रेषेकडेही बघितलं नाही. डावा खांदा खाली टाकला. अठरावं पाऊल आलं तसं तिला मागून कोणीतरी हात पाठीमागे बांधून चालत येतंय असं वाटलं, आणि टाच टेकली नाही. वळण संपलं. पुढे धावपट्टी होती, आणि ती तिला लहानपणापासून माहीत होती.

ती आठवी आली. सातवीच्या बरीच मागे. पलीकडे जाऊन तिने आधी मागे वळून बघितलं. पावलं कुठेच नव्हती. आत पाय पडला की नाही हे वाचायला तिथे उआतेआ नव्हता. वळणावर बसलेल्या पंचांपैकी एकाने काहीतरी लिहिलं. फलकावर सात नावं आली. मग थोडा वेळ काहीच आलं नाही. मामा कुंपणाशी डोक्याला हात लावून उभा होता.

मग आठवं नाव आलं आणि त्यापुढे आकडा. सव्वीस सेकंद, एक्केचाळीस.

पहिली आलेली मुलगी झेंडा घेऊन धावत जात होती. तिला कळेना की शेवटची आलेली ही मुलगी जमिनीवर कपाळ टेकून का रडतेय. तिने वाकून लुतियाला उठवलं आणि मिठी मारली.

परत आल्यावर फुनाफुतीवर दोन दिवस जेवणं आणि नाच झाले. जुळ्या पोरी तोवर चालायला लागल्या होत्या. असेनातेने सगळ्यांत मोठा कुपा आणून दिला. "ताजा आहे," ती म्हणाली, "मुद्दाम वास घेऊन बघ." तिसऱ्या दिवशी लुतिया आणि मामा फुनाफालाला गेले.

म्हाताऱ्याने आकडा विचारला नाही. "मोजलंस?"

"मोजलं, आजोबा. तीन बोटं आखूड."

तो उठला. मग दोरी घेऊन दोन माडांपाशी गेला आणि खुणांना लावून बघितली. बरोबर बसली. "दोरी हललेली नाही," तो म्हणाला. "खुणाच चुकल्या. नाफाताली, ती टेप दाखव."

मामाने टेप काढली. म्हाताऱ्याने तुटक्या टोकावरून अंगठा फिरवला. टेप शून्यापासून सुरूच होत नव्हती. पहिली तीन बोटं कधीचीच तुटून गेली होती.

"गाढवा," म्हातारा म्हणाला.

"काका, चूक झाली. पण त्या चुकीमुळेच तर पोरगी निभावली. इथे घट्ट, तिथे मोकळं."

"तुझ्या चुकीचे आभार मानायचे का आता?"

"माना ना, आजोबा," लुतिया म्हणाली. "मी तुमचे मानते, तुम्ही मामाचे माना."

म्हातारा हसायला लागला, आणि हसता हसता डोळे पुसायला लागला. लुतियाने शर्यतीत छातीवर लावलेला नंबराचा कापडी तुकडा त्याच्या मांडीवर ठेवला. ती त्याच्या शेजारी बसली आणि सोडण कुटायला लागली. त्याने दोरीचं खुंटीकडचं टोक उकललं आणि तीन बोटांचा नवा काथ्या त्यात वळून घातला. म्हणाला, "पुढच्या पोरीला बरोबर वळण मिळू दे."

ओहोटी होती, म्हणून त्यांनी एकदा वळण काढलं. लुतिया त्यावर पळाली नाही, नुसती चालली, आणि म्हातारा तिच्या पावलांशेजारून चालला.

ती दोरी आता फुनाफालाच्या सभेच्या छपराला टांगलेली असते. उआतेआ पुढच्या वर्षी, मे महिन्याच्या अकरा तारखेला सकाळी वारला.