क्लिफर्ड एंटविसलचा राजीनामा

आमच्या हॅदरबॉटम गावात पक्षाचे सभासद मोजून अकरा. त्यांतला सगळ्यांत जुना क्लिफर्ड एंटविसल. वय एकाहत्तर. आयुष्यभर लोकांना गाडी चालवायला शिकवलं आणि अडतीस वर्षं पक्षाची पत्रकं घरोघरी टाकली. उत्तर इंग्लंडातल्या लँकशरच्या डोंगरउतारावरचं गाव, प्रत्येक दाराला निदान नऊ पायऱ्या. सात वेळा कुत्रा चावला, त्यांतला एक तर पक्षाच्याच सभासदाचा होता. तरी क्लिफर्डने कधी कुरकुर केली नाही. मी शाखेचा चिटणीस, पत्रकं माझ्याच घरून जायची, म्हणून मला ठाऊक.

मग मॅल्कम टॅपलो पंतप्रधान झाले.

निवडणुकीत पत्रकावर टॅपलोंचा हसरा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, ‘बोललो ते करणार.’ क्लिफर्डने ते गावात एकही दार न सोडता टाकलं. पुढच्या आठ महिन्यांत टॅपलोंनी म्हाताऱ्यांचा बसचा पास काढून घेतला, मग परत दिला, मग तो फक्त मंगळवारी चालेल असं जाहीर केलं. लहान गावांतली सार्वजनिक शौचालयं बंद केली आणि त्याला ‘सुविधांचं एकत्रीकरण’ असं नाव दिलं. हॅदरबॉटमची सुविधा जिच्यात एकत्र झाली ती अकरा मैलांवर होती.

लोक ती जुनी पत्रकं क्लिफर्डच्याच दारातून आत सरकवू लागले. तळलेले मासे आणि चिप्स विकणारा ग्रिमशॉ त्याला माशाचा शेपटीकडचा तुकडाच द्यायला लागला.

“अरे, बाकीचा मासा कुठाय?” क्लिफर्डने विचारलं.

“त्याचं एकत्रीकरण झालंय,” ग्रिमशॉ म्हणाला.

इथपर्यंत क्लिफर्डने सोसलं. पण एका रविवारी टीव्हीवर मुलाखतीत टॅपलोंना कुणीतरी विचारलं, चहात दूध आधी की नंतर? टॅपलो म्हणाले, “मी चहा घेत नाही. सकाळी कोमट पाणी घेतो.”

क्लिफर्डने टीव्ही बंद केला. त्याची बायको विनिफ्रेड सांगते, तो पाच मिनिटं काळ्या पडद्याकडेच बघत बसला होता. मग म्हणाला, “विनी, याने राजीनामा दिलाच पाहिजे.”

त्याने पक्षाच्या मुख्य कचेरीला पत्र लिहायला घेतलं. पहिला मसुदा अकरा पानांचा झाला, त्यात सातही कुत्र्यांची हकीगत होती. विनिफ्रेडने तो वाचला आणि म्हणाली, “क्लिफर्ड, अरे लंडनचे लोक आहेत ते. दुसऱ्या ओळीपुढे वाचत नाहीत. थोडक्यात लिही.”

त्याने थोडक्यात लिहिलं. वर ‘विषय : राजीनामा’. खाली, ‘महोदय, आता सहन होत नाही. कृपया तातडीने राजीनामा व्हावा. क्लिफर्ड एंटविसल, सभासद, हॅदरबॉटम शाखा.’

नऊ दिवसांनी उत्तर आलं. जाड, गुळगुळीत कागद, खाली टॅपलोंची सही. ‘प्रिय क्लिफर्ड, आपला राजीनामा आम्ही जड अंतःकरणाने स्वीकारत आहोत. योग्य वेळी बाजूला होण्याचं धैर्य फार थोड्या माणसांकडे असतं.’

क्लिफर्ड ते पत्र घेऊन, घरातल्या सपाता तशाच पायात, माझ्याकडे आला. मी वाचून हसलो, ही माझी चूकच झाली.

“हसतोस काय? मला काढलं त्यांनी! मी त्याला जा म्हटलं, तर त्याने मलाच घालवलं!”

आम्ही माझ्या स्वयंपाकघरातून मुख्य कचेरीला फोन लावला. फार वेळ संगीत वाजलं. मग इमोजेन नावाची एक मुलगी बोलू लागली. आवाज गोड, उच्चार असे की तोंडात चांदीचा चमचा ठेवूनच बोलते आहे.

“सर, तुमच्या पत्राचा विषय राजीनामा असाच होता.”

“विषय तो होता, बाई, पण कर्ता वेगळा होता!” क्लिफर्ड ओरडला. “कर्ता टॅपलो!”

“अस्सं. पण सर, आमच्याकडे तुमची नोंद ‘स्वखुशीने गेलेले’ अशी झाली आहे.”

“मी कुठेही गेलेलो नाही! मी हॅदरबॉटमला आहे!”

इमोजेनने शांतपणे समजावलं. परत सभासद व्हायचं तर फॉर्म भरायचा. दोन सभासदांची शिफारस लागेल. आणि शेवटच्या रकान्यात, माझा नेत्यावर विश्वास का आहे, ते बरोबर पन्नास शब्दांत लिहायचं. एकोणपन्नास झाले तर संगणक फॉर्म घेत नाही.

क्लिफर्डने फोन आदळला. त्याला काय झोंबलं होतं ते मला कळत होतं. पुढच्याच शनिवारी शाखेची बैठक होती आणि तीत टॅपलोंनी राजीनामा द्यावा असा ठराव यायचा होता. ठराव क्लिफर्डचाच. पाच जण बाजूने होते, मी धरून. पाच जण विरोधात, आमच्या अध्यक्ष मिसेस एडिथ पिकप धरून. टॅपलोंवर त्यांचंही प्रेम नव्हतं. पण मे महिन्यात टॅपलो आमच्या बागेतल्या वाद्यवृंदाच्या चौथऱ्याचं उद्घाटन करायला येणार होते, आणि मिसेस पिकपनी त्यासाठी टोपी शिवायला टाकली होती. पिसांची.

अकरावं मत क्लिफर्डचं. म्हणजे टॅपलोंना घालवायचं तर क्लिफर्डने आधी त्यांची पन्नास शब्दांत स्तुती करायची.

“मेलो तरी लिहिणार नाही,” क्लिफर्ड म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वही घेऊन आला. एका शिफारशीवर मी सही केली होती, दुसरी विनिफ्रेडच्या भावाची होती. विनिफ्रेडही त्याच्या मागोमाग आली, विणकाम घेऊन.

“खोटं मी लिहिणार नाही,” क्लिफर्डने बजावलं. “त्याच्यात खरंच काही चांगलं असेल तेवढंच.”

चहाची पहिली किटली संपली तरी वही कोरीच होती. 

“बूट,” शेवटी विनिफ्रेड म्हणाली. “बूट स्वच्छ असतात त्याचे.”

“असतात,” क्लिफर्डने कबूल केलं आणि लिहिलं.

दुपारपर्यंत चहाच्या तीन किटल्या झाल्या आणि मजकूर तयार झाला. मी दोनदा मोजला. तो असा होता :

‘टॅपलोंचे बूट नेहमी स्वच्छ असतात. ते गाडीतून उतरल्यावर दार स्वतः बंद करतात. पावसात भाषण करताना ते छत्री दुसऱ्याला धरायला लावत नाहीत, भिजतात. ते आईला दर रविवारी फोन करतात असं ऐकलं. कुत्री त्यांच्यावर भुंकत नाहीत. उद्या ते शेजारी राहायला आले तर माझी हरकत नाही. कुंपण मात्र त्यांनीच दर दोन वर्षांनी रंगवावं.’

संगणकाने फॉर्म घेतला. गुरुवारी सभासदत्व परत मिळालं. क्लिफर्डने ग्रिमशॉकडे जाऊन शेपटीकडचा तुकडा आनंदाने खाल्ला.

शनिवारी दुपारी तीनला आम्ही चर्चच्या दालनात जमलो. बैठकीत कुणाचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून मिसेस पिकप सगळ्यांचे फोन बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात जमा करून घ्यायच्या. त्या दिवशीही घेतले. मग त्या उठून उभ्या राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर असा उजेड होता की मला भीतीच वाटली.

“ठरावाआधी मुख्य कचेरीकडून आलेलं एक पार्सल उघडते,” त्या म्हणाल्या, आणि कात्रीने दोरी कापली.

आत पोस्टरं होती. दोनशे. प्रत्येकावर सभासदत्वाच्या कार्डावरचा क्लिफर्डचा जुना फोटो दाराएवढा मोठा केलेला. वर लिहिलं होतं, ‘माझा टॅपलोंवर विश्वास का आहे.’ आणि खाली अख्खा मजकूर. फक्त कुंपणाचं वाक्य गाळलं होतं. सोबत इमोजेनची चिठ्ठी होती, ‘सबंध देशातून हा रकाना नीट भरलेला हा एकच फॉर्म. टॅपलो स्वतः वाचून हेलावले. कृपया गावभर लावावे.’

 आमच्या बाजूचा बर्नर्ड शटलवर्थ हळूच म्हणाला, “क्लिफर्ड, किती मिळाले रे?”

“काही नाही मिळाले!” क्लिफर्ड लालबुंद झाला. “मी ते मत परत मिळवायला लिहिलं. त्याला घालवायला!”

“इतकं गोड?” बर्नर्ड म्हणाला. “मी माझ्या बायकोबद्दल इतकं गोड लिहिलेलं नाही.”

“लिहायला हवं होतंस,” बर्नर्डची बायको म्हणाली. ती विरोधी पाचांत होती.

अर्धा तास यातच गेला. मिसेस पिकपचं म्हणणं, ज्याचं तोंड पोस्टरवर आहे त्याला ठराव मांडता येणार नाही. मी नियमांचं पुस्तक काढलं. पोस्टरबद्दल त्यात काहीच नव्हतं. शेवटी त्यांना मत घ्यावंच लागलं.

“विरोधात?” पाच हात वर.

“बाजूने?” पाच हात वर झाले. मग क्लिफर्ड उभा राहिला, कोट नीट केला, आणि हात असा वर केला की जणू पुढची बस त्यालाच थांबवायची होती.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. विनिफ्रेड धापा टाकत आत आली. हातात विणकाम, लोकर मागे रस्त्यापर्यंत उलगडत गेलेली.

“गेला!” ती म्हणाली. “टॅपलो गेला!”

“वारला?” मिसेस पिकपनी छातीला हात लावला.

“राजीनामा दिला! अर्धा तास झाला! मी फोन करून करून दमले!”

टेबलावरचा बिस्किटांचा डबा थरथरत होता. बिस्किटं तर कधीच संपलेली, म्हणून कुणी तिकडे बघितलं नव्हतं.

मिसेस पिकप सावकाश खाली बसल्या. मग अध्यक्षाच्या आवाजात म्हणाल्या, “ज्याने राजीनामा द्यायचा त्याने तो दिलेला असल्याने ठराव बाद. मतांची नोंद होणार नाही.”

“माझा हात वर आहे!” क्लिफर्ड म्हणाला.

“खाली घे.”

“या हातासाठी मी पन्नास शब्द लिहिलेत, एडिथ!”

“क्लिफर्ड, माझी टोपी शिवून झाली आहे,” मिसेस पिकप म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज असा चिरला की त्याने हात खाली घेतला. त्यांना पाणी आणून दिलं ते त्यानेच.

यानंतर क्लिफर्डला आनंद व्हायला हवा होता. पण चार दिवस तो नुसता घरात फिरत होता. त्याने टॅपलोंचं निरोपाचं भाषण बघितलं. टॅपलो पावसात उभे होते, छत्रीशिवाय. “भिजतोय बघ,” एवढंच तो विनिफ्रेडला म्हणाला.

बुधवारी सकाळी दहाला त्यांच्याकडे फोन आला. विनिफ्रेडने उचलला आणि त्यावर हात ठेवून म्हणाली, “कुणीतरी मॅल्कम टॅपलो बोलतोय म्हणतं.”

“ग्रिमशॉ असणार,” म्हणत क्लिफर्डने फोन घेतला. “बोल रे चोरा.”

“मिस्टर एंटविसल? गेल्या वर्षभरात माझ्याबद्दल चांगलं बोलणारे तुम्ही एकटेच निघालात. आभार मानायला फोन केला.”

आवाज टीव्हीवरचाच होता. क्लिफर्डने खुर्ची ओढली. हो म्हणून मोकळं होता आलं असतं. पण तो क्लिफर्ड आहे. त्याने पत्र, इमोजेन, ठराव, सगळं सांगून टाकलं. “मी ते तुम्हाला काढायला लिहिलं,” तो म्हणाला. “माफ करा.”

 पलीकडून हसू ऐकू आलं.

“मग? मत दिलंत?”

“वेळच मिळाला नाही. तुम्हीच आधी गेलात.”

“सॉरी,” टॅपलो म्हणाले, आणि क्लिफर्ड म्हणतो की ते खरंच मनापासून म्हणाले. “पण एक विचारू? इमोजेन म्हणते पन्नास शब्द बंधनकारक आहेत. मी मोजले तर त्रेचाळीसच भरले.”

क्लिफर्डने त्यांना कुंपणाचं वाक्य म्हणून दाखवलं.

“योग्य आहे,” टॅपलो म्हणाले. “आता वेळही आहे. मागच्या अंगणात मी कांद्याची पात लावली आहे, पण गोगलगायी एक पान शिल्लक ठेवत नाहीत.”

क्लिफर्ड पुढे सरसावून बसला. “तुम्ही त्यांना काय घालता?”

“मीठ.”

“मीठ? अहो, मीठ काय घालता! तुमचे ते सल्लागार की कोण सांगतात का हे? कागद आहे जवळ? लिहून घ्या.”

विनिफ्रेडचा स्वयंपाक झाला, टेबल लागलं, ती दोनदा हाक मारून गेली. तरी तो सांगतच होता, आणि मधेमधे दरडावत होता, “नाही, नाही, मॅल्कम, ऐकून घ्या आधी.”